शिरगणतीत नाव नसते

जनगणनेला मराठीने आजवर तीन शब्द वापरले. जुन्या दप्तरांत ‘खानेसुमारी’ भेटते. खाना म्हणजे घर, तेव्हा ही घरांची मोजदाद. मग ‘शिरगणती’ आली, म्हणजे डोकी मोजणे. आता ‘जनगणना’. निजामाच्या मुलखातल्या उर्दू कागदांवर ‘मर्दुमशुमारी’ असे. घर मोजले, डोके मोजले, जन मोजला, मर्दुम मोजला. नावाची दखल घेणारा शब्द यांत एकही नाही, आणि हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत मेहकर नावाचे गाव आहे. समजा, या गावावरून आडनाव घेतलेल्या एखाद्या घराण्यातल्या नातवाने खापरपणजोबांचा शोध घ्यायचे मनावर घेतले. पहिली ठेच त्याला आडनावातच लागते. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावण्याची मराठी रीत. पण हे गाव स्वतःच ‘कर’ने संपते. ‘मेहकरकर’ म्हणताना जीभ अडखळते आणि दोनातला एक ‘कर’ गिळून टाकते. मग कुठे नुसते ‘मेहकर’ उरते, कुठे ‘मेहेकर’ होते, कुठे ‘मेहकरे’. दुसरी ठेच अशी की मेहकर हे गाव एक नाही. बुलडाणा जिल्ह्यातले पैनगंगेकाठचे मेहकर त्याहून कितीतरी प्रसिद्ध. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ते ठाणे होते, आणि १८८८ साली सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीमुळे आजही भाविक तिथे जातात. मांजरेच्या खोऱ्यातला मेहकरकर आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला मेहकरकर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसू शकतो. आडनाव मात्र तेच.

असे विरळ आडनाव इंग्लंडमध्ये असते, तर त्याचा माग काढणे एका रविवारचे काम झाले असते. तिथे १८४१ पासूनच्या खानेसुमारीच्या याद्या माणसांच्या नावांसकट जपून ठेवल्या आहेत आणि शंभर वर्षे झाली की त्या लोकांसाठी खुल्या होतात. १९२१ ची यादी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची. १९५० च्या याद्या एप्रिल २०२२ मध्ये बाहेर आल्या. एकेका दुर्मीळ आडनावामागे आयुष्य घालवणाऱ्या हौशी मंडळींची ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ नावाची संस्थाच ब्रिटनमध्ये १९७९ पासून आहे. त्यांच्याही नशिबी राख आहेच. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची संपूर्ण खानेसुमारी डिसेंबर १९४२ मध्ये एका गोदामाच्या आगीत खाक झाली. पण त्या आगीची तिथे अजून हळहळ होते. आपल्याकडे एकेका खेपेला अख्ख्या देशाच्या याद्या गेल्या, आणि त्या आगीने नव्हे, सरकारी शिरस्त्याने गेल्या.

तो शिरस्ता समजून घ्यायला हवा. हैदराबाद संस्थानातली पहिली खानेसुमारी १८८१ ची. तिच्यात संस्थानाची लोकसंख्या ९८,४५,५९४ भरली. १८९१ मध्ये ती १,१५,३७,०४० झाली आणि १९०१ मध्ये वाढायची सोडून १,११,४१,१४२ वर आली. दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसे कमी. मधल्या दोन दुष्काळांचा हा हिशेब. अहवालात तो शेवटच्या आकड्यापर्यंत छापलेला आहे. ते चार लाख कोण, कोणत्या गावातल्या कोणत्या घराला कुलूप लागले, हे मात्र त्या अहवालातून कधीच कळणार नाही. मोजणीदार घरोघर जाऊन तक्त्यात माणसांची माहिती भरत असे. १९०१ पासून तक्त्यातला मजकूर चिठ्ठ्यांवर उतरवून घेण्याची पद्धत आली. चिठ्ठीवर धर्म, जात, वय, धंदा. नावाचे तिथे काही काम नव्हते. चिठ्ठ्या खणांत टाकायच्या, गठ्ठे मोजायचे, बेरजा वर पाठवायच्या. बेरीज जुळली की तक्त्यांची गरज संपली. राज्यकर्त्यांना कुणबी किती, कोष्टी किती, हटकर किती, हे हवे होते. कुणब्याचे नाव काय, हे त्यांनी विचारले जरूर, पण तेवढे काम भागेपर्यंतच.

स्वातंत्र्यानंतर या सवयीला कायद्याचे कुंपण मिळाले. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार मोजणीची कोणतीही वही, नोंद किंवा तक्ता पाहण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि त्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. हेतू चांगला होता. माणसाने करवसुलीला किंवा पोलिसांना न भिता खरे सांगावे, म्हणून ही गुप्तता. पण कायद्याने तिला मुदतच घातली नाही. जिवंत माणसाची गोष्ट झाकायची हे बरोबर. तो जाऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी झाकण तसेच.

याच कायद्याचे आठवे कलम प्रत्येक मराठी माणसाने एकदा वाचावे. घरातल्या स्त्रीचे नाव सांगायला कोणीही बांधील नाही, आणि नवऱ्याचे, वारलेल्या नवऱ्याचे किंवा रिवाजाप्रमाणे जे उच्चारायचे नाही असे कोणाचेही नाव सांगायला कोणतीही स्त्री बांधील नाही, अशी सूट त्यात दिली आहे. मोजणीदार दारात उभा आणि घरधनीण नाव घ्यायला तयार नाही, हा पेच दिल्लीतल्या मसुदाकारांनाही ठाऊक होता. उखाण्याची सोय काही ते कलमात करू शकले नाहीत! गमतीचा भाग सोडला, तर घराण्याच्या शोधात बाईचा माग सगळ्यात आधी हरवतो तो इथेच. लग्नात तिचे आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते, आणि कागदावर ती कोणाची तरी बायको नाहीतर कोणाची तरी आई म्हणून उरते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्राने सक्तीचे केले. त्याचा उपयोग व्हायचा तो पुढच्या शतकातल्या शोधकर्त्याला.

मग बिदरकडच्या माणसाने पाहायचे तरी कुठे? या अंधारात एक फट आहे आणि ती १९५१ ची आहे. त्या वर्षीची मोजणी संपल्यावर तिच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्यात आली. गावातली घरे क्रमाने आणि प्रत्येक घरातली माणसे नावानिशी. भारतातल्या जनगणनेने आपणहून मागे ठेवलेली नावांची ही एकमेव मोठी यादी. बिदर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. रझाकारांच्या धाकाने सोलापूर-बार्शीकडे पळालेली कुटुंबे परतली होती किंवा परतली नव्हती. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्या जोडीने बिदर होते. इतक्या उलथापालथीनंतर कोण कोणत्या घरात राहिले, याचे ते पहिलेच टिपण. एखादे आडनाव एखाद्या गावातून नाहीसे का झाले, याचे उत्तर कधी कधी याच अडीच वर्षांत असते.

आणि त्यानंतर पाचच वर्षांनी जिल्हाच फाटला. १ नोव्हेंबर १९५६ ला अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, पुढे १९८२ साली ते नव्या लातूर जिल्ह्यात आले. जहीराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. माणसांची वाटणी एका रात्रीत झाली. दप्तरांची वाटणी तशी होत नाही. एका सोयरिकीतले कागद आज तीन राज्यांत असू शकतात: उदगीरच्या तहसिलीत, बिदरच्या जिल्हा कचेरीत आणि हैदराबादेत तारनाक्याला असलेल्या तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात. त्यात बिदर जिल्हा जागिरी आणि पायगांनी भरलेला. जागिरी गावांचा कारभार जागीरदाराच्या कचेरीतून चाले, दिवाणी मुलखाच्या दप्तरातून नव्हे. १९४९ साली जागिरी खालसा झाल्या. गाव कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी ठाऊक नसेल, तर मेहकरचा कागद शोधणारा चुकीच्या कपाटासमोर वर्षभर उभा राहील.

कागद मिळाला, तरी तो वाचायचा आहे. हैदराबादच्या कारभाराची भाषा १८८० च्या दशकापर्यंत फारसी, नंतर उर्दू. गावपातळीवर कुलकर्ण्याची मोडी. वर्षे फसली, महिने आजर-दय-बहमन असे इराणी. १३६० फसली पाहिले की त्यात ५९० मिळवून १९५०-५१ हे साल काढायचे, एवढे गणित आधी शिकावे लागते. त्यापुढे लिपीचा घोळ. उर्दूत ‘मेहकर’ चार अक्षरांत येते: मीम, हे, काफ, रे. स्वरचिन्हे लिहिण्याची पद्धत नाही. तेच चार ठोकळे महकर वाचता येतात, मिहकर वाचता येतात. ‘ळ’ आणि ‘ण’ त्या लिपीत नाहीत, त्यामुळे काळे आणि काले, राणे आणि राने एकाच पोशाखात उभे राहतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि खाली शब्द न तोडता लिहीत जायचे, म्हणजे एक नाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ताडायचे. १९५६ नंतर याच गावाचे कागद कन्नडमध्ये आले. कन्नडमध्ये ‘ए’ दोन, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. मराठी माणसाने जो फरक कधी केलाच नाही, तो कन्नड कारकुनाला करावाच लागतो. कोणी ‘मे’ आखूड लिहितो, कोणी लांब. त्यावर इंग्रजी स्पेलिंगचा थर. एका घराण्याची चार पिढ्यांत चार आडनावे होतात आणि त्यात कोणीही खोटे बोललेले नसते.

शिवाय आडनाव लावण्याची सक्ती तरी कुठे होती? खेड्यात माणूस स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि जातीने ओळखला जाई. पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही वतनांची नावे. बिदर-उदगीरकडे पावलोपावली भेटणारे बिरादार हेही आज कोण्या एका घराण्याचे उरलेले नाही. ‘कर’वाले आडनाव तर बहुतेकदा गाव सोडल्यावरच लागते. मेहकरात राहणाऱ्याला सगळे मेहकरचेच. त्याला मेहकरकर कोण म्हणणार? उदगीरला दुकान टाकल्यावर, हैदराबादेत नोकरी धरल्यावर शेजारी त्याला गावाच्या नावाने हाक मारू लागतात. म्हणून मेहकरकरांची नोंद मेहकरात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, ती त्या गावाहून दूर सापडते.

कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने हेच तंत्र सर्वात निष्ठेने सांभाळले. रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे म्हणजे रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा. त्यांचा इतिहास लिहिणारे हायम सॅम्युएल केहिमकर यांनी स्वतःच्या आडनावात अलिबागजवळचे किहीम जपले. १८९७ च्या सुमारास लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३७ साली तेल अवीवमध्ये छापून निघाले. उलट उदाहरण मॉरिशसचे. करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आजोबाचे पहिले नावच पुढे कुटुंबाचे आडनाव होऊन बसले, मूळचे आडनाव बोटीतच राहिले. तरीही तिथल्या मराठी माणसाचे नशीब बिदरच्या माणसाहून थोर म्हणायचे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. माणूस, त्याचा बाप, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, पुढच्या काळात फोटोसुद्धा. मळेवाल्यांना पळालेला मजूर ओळखायचा होता, म्हणून हे सगळे लिहिले गेले. हेतू वाईट, कागद चांगला.

हे सारे हौशी वंशावळकारांचे दुखणे आहे, असे मानणाऱ्यांनी गेल्या तीन वर्षांचा महाराष्ट्र आठवावा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला बसली आणि एकाएकी रेकॉर्ड रूममधल्या कपड्यात बांधलेल्या गठ्ठ्यांना भाव आला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना आणि जुनी उर्दू जाणणाऱ्यांना बोलावणी गेली. तपासायच्या कागदांच्या यादीत १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टरही होते. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी मराठा आरक्षणासाठीचे मनोज जरांगे यांचे आझाद मैदानातले उपोषण सुटले ते हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याच्या शासन निर्णयावर.

त्या गॅझेटियरात काय आहे? आकडे. अमुक मुलखात कुणबी इतके. नावे नाहीत. म्हणून शासन निर्णयाला गावोगाव तीन अधिकाऱ्यांची समिती नेमावी लागली, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनच्या रहिवासाचे प्रतिज्ञापत्र घ्यावे लागले, नात्यागोत्याची चौकशी लावावी लागली. जे नाव तेव्हाच्या मोजणीदाराने लिहून घेतले होते आणि बेरीज जुळताच जे टाकून दिले गेले, त्याची भरपाई आता प्रतिज्ञापत्रांनी चालली आहे. आरक्षणाच्या बाजूने असो की विरोधात, कोणालाही हे मान्य व्हावे की नावे असती, तर निम्मे भांडण कागदावर मिटले असते.

एक विसंगती मात्र उघड बोलली पाहिजे. १९५१ ची नोंदवही जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून उतरलेली. ती मूळ माहिती कायद्याने गोपनीय. तरी आसामात नागरिकत्व ठरवताना हीच नोंदवही पायाभूत मानली गेली, तिची पाने संगणकावर चढवून लोकांना शोधायला दिली गेली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ अर्जदार बाहेर राहिले. महाराष्ट्रात तीच जातीच्या दाखल्यासाठी तपासली जाते. म्हणजे सरकारला गरज पडली की ती पुरावा, आणि एखाद्या नातवाला आजोबांचे नाव पाहायचे असेल तेव्हा कलम १५. सीमाभागात तर ही दुटप्पी वागणूक अधिकच बोचते. भालकी, बिदर धरून ८६५ गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण त्या गावांतल्या माणसांची जुनी दप्तरे वाचून यादी लावावी, असा ठराव दोन्हीकडच्या विधिमंडळांत कोणी आग्रहाने मांडल्याचे ऐकिवात नाही. जमीन हवी आहे, दप्तर नको.

आसामचे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवे. नावांची यादी उघडली की तिचा काठी म्हणून वापर होतो, ही भीती खोटी नाही. स्पेलिंग जुळले नाही म्हणून आसामात माणसे हेलपाटे घालत राहिली. बिदरसारख्या चार लिप्यांच्या मुलखात तर बापाशी मुलाचे जुळणार नाही. म्हणून शंभर वर्षांची मुदत हवी आणि मुदत संपल्यावर यादी वाचण्यासाठी, अभ्यासासाठी खुली हवी. इंग्लंडने जे पथ्य पाळले, त्यात आपल्याला न झेपणारे काही नाही.

नावे जपण्याचे काम खासगी लोकांनी कधीपासूनच केले आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि मग बरोबर ती वही काढतात, जिच्यात पणजोबांच्या हातची नोंद असते. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात हेळवी घराण्यांच्या वंशावळी घेऊन दारोदार फिरत आले. कूळ कुठून निघाले, कोणत्या गावात किती पिढ्या राहिले, हे ते पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्याकडे खण नव्हते, चिठ्ठ्या नव्हत्या. गाव आणि आडनाव ही दोन सूत्रे त्यांनी पकडली, जी खानेसुमारीच्या साहेबांना सुचली नाहीत.

सरकारी मोजणीत आडनाव एकदाच मोठ्या प्रमाणावर आले आणि तेही चुकून. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत जातीचा रकाना मोकळा सोडला होता. लोकांनी तिथे जात, पोटजात, गोत्र, आडनाव, जे सुचेल ते सांगितले. १९३१ मध्ये ४,१४७ असलेल्या जाती ४६ लाखांवर गेल्या. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७. हा सगळा गोंधळ म्हणून केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितला. आडनावांच्या अभ्यासकाला तोच ढीग सोन्याची खाण वाटला असता, पण तो विचार कोणाच्या मनात आला नाही.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना मोबाइलवर नोंदली जाणार आहे, जातीसकट. कागद नाही, म्हणजे वाळवी नाही, गोदामाची आग नाही. पण एक कळ दाबून सगळे पुसण्याची सोय आहे. नावे शंभर वर्षे जपायची की बेरजेनंतर टाकून द्यायची, हे आत्ताच कायद्यात लिहावे लागेल. आणि त्याआधी १९५१ च्या वह्या आहेत. भालकीच्या तहसिलीत काय उरले, बिदरच्या कचेरीत काय, उदगीर-निलंग्यात काय, हे तीन राज्यांनी एकत्र बसून तपासावे, पाने छायांकित करावीत आणि उर्दू, मोडी, मराठी, कन्नड जाणणारी चार माणसे एका टेबलाशी बसवावीत. चौघांच्या पगाराने कोणतेही राज्य बुडत नाही.

घाई एवढ्याचसाठी की त्या यादीत ज्यांच्या नावापुढे ‘वय ६’ लिहिले गेले असेल, ते २०२७ साली ब्याऐंशी वर्षांचे होतील. असे म्हातारे आज सीमाभागातल्या गावोगावच्या पारांवर बसलेले असतात. यादीतले तेरावे घर कोणाचे, त्या घरातली मंडळी उदगीरला कधी गेली आणि तिकडे गेल्यावर त्यांनी काय आडनाव लावले, हे ते पानाकडे न पाहता सांगतात.